हातात पिशवी असली की कुणी विचारत नाही

आपल्या आरोग्याच्या कार्यक्रमात मागं एका ताईंचा फोन आला होता. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. वय बेचाळीस, काम शिलाईचं. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, पिको-फॉल. सकाळी दहाला मशीनवर बसल्या की दिवेलागणीलाच उठायचं. तीन महिन्यांपूर्वी त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज अर्धा तास भराभर चालायचं. ताई म्हणाल्या, "डॉक्टरांचं मला पटलं हो. पण कधी चालू? कुठं चालू? आणि कुणी विचारलं, कुठं निघालीस, तर काय सांगू?"

आम्ही चालण्याचे फायदे सांगायची तयारी करून बसलो होतो. फायदे त्यांना आमच्याइतकेच माहीत होते. त्यांच्या तिसऱ्या प्रश्नावर मात्र आम्ही गप्प झालो. खरं अडतं ते तिथंच, हे त्या फोनमुळं आमच्या लक्षात आलं. म्हणून आज व्यायाम कसा करायचा हे थोडक्यात सांगू, आणि तो आपल्याकडून का होत नाही यावर जास्त बोलू.

आधी एक शंका मिटवू या. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला वेगळा व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. विहिरीवरनं पाणी शेंदायचं, जात्यावर दळायचं, सरपणाची मोळी डोक्यावर आणायची, असं ज्यांनी केलं त्या आपल्या आज्यांना व्यायाम सांगायला गेलं असतं कुणी, तर त्यांनी मुसळच दाखवलं असतं. पण आता बघा. पाणी दारात आलं. दळण गिरणीत जातं, तेही पोरगा गाडीवर टाकून नेतो. गॅस आला, मिक्सर आला. परसाकडला जायला आधी लांब जावं लागायचं, अंधारात, जीव मुठीत धरून. आता घरात संडास आहे. यातलं काहीही परत नको आहे आपल्याला. फक्त हे सगळं येताना चालणं मुकाट्यानं निघून गेलं, ते आपल्या ध्यानात आलं नाही. शिलाईचंच घ्या. पायमशीन होती तोवर निदान पाय हलत होते. मोटर बसली आणि पायाचं काम नुसतं दाबण्यापुरतं उरलं. अंगणवाडीच्या ताईला रजिस्टर आणि मोबाईल, बँक सखीला लॅपटॉप, दुकानात बसणारीला गल्ला, पॅकिंगला जाणारीला आठ तास एका जागी उभं राहणं. काम वाढलं, दमणूक वाढली, हालचाल कमी झाली.

जगभरच्या माहितीवरून केलेला एक मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या प्रौढ बायकांपैकी ५७ टक्के बायकांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. आणि यात नुसता व्यायाम मोजलेला नाही; कामावरची, घरातली, येण्या-जाण्यातली हालचालही धरलेली आहे. घरातली सगळ्यात जास्त दमलेली बाईच सगळ्यात कमी हललेली असू शकते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण शिलाईवाल्या ताईंचा दिवस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पटेल.

मग शेतात जाणाऱ्या म्हणतील, आमचं काय? भांगलण, खुरपणी, ऊस बांधणी, कापूस वेचणी ही मेहनत आहेच, तिचा हिशोब धरायलाच हवा. तरीसुद्धा राबणं आणि व्यायाम यांत फरक पडतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन भागातल्या एक लाखाहून जास्त लोकांची माहिती अभ्यासून २०२१ साली संशोधकांनी एक गोष्ट मांडली. जे लोक फुरसतीच्या वेळात चालत, खेळत, सायकल चालवत, त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू कमी दिसले. ज्यांचं कामच अंगमेहनतीचं होतं, त्यांच्यात उलट जास्त दिसले. यावर जाणकारांमध्ये अजून वाद आहेत, आणि डेन्मार्कचा कामगार म्हणजे काही आपली शेतमजूर बाई नव्हे. पण त्यांनी सांगितलेली कारणं आपल्याला लगेच कळतात. कामात अंग तासन्‌तास एकाच अवस्थेत वाकलेलं असतं. ओझं उचलताना रक्तदाब वर जातो आणि दिवसभर वरच राहतो. दमलं म्हणून थांबता येत नाही, कारण मुकादम उभा असतो. आणि पुरेशी विश्रांती मिळायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. व्यायामात तसं नसतं. वेग आपला, वेळ आपली, थांबायचं केव्हा तेही आपल्या हातात. म्हणून दिवसभर खुरपलेल्या बाईला आम्ही आणखी पळायला सांगणार नाही. तिला पाठ सरळ करण्याची, पाय लांब करून बसण्याची, चार वेळा अंग ताणण्याची आणि झोपेची गरज जास्त आहे.

आता किती करायचं ते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं माप आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, झेपलं तर जास्त. मध्यम म्हणजे किती, याला घड्याळ-पट्टा काही लागत नाही. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागला पाहिजे. गाणं आरामात म्हणता येत असेल तर जरा पाय उचला. बोलतासुद्धा येत नसेल तर हळू व्हा. अर्धा तास सलग पाहिजे असंही नाही. दहा-दहा मिनिटं तीनदा केली तरी चालतात, आणि साखर असलेल्यांनी ती जेवणानंतर केली तर अधिक बरं. कारण जेवणातनं रक्तात आलेली साखर चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ओढून घेतात आणि वापरतात. याशिवाय आठवड्यातनं दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काही तरी करावं. खुर्चीवरनं हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून अंग पुढं-मागं करणं, एवढ्यानं सुरुवात होते.

झालं, व्यायामाची माहिती एवढीच. पाच मिनिटांत सांगून होते. तरी आपण करत का नाही?

आळशीपणा म्हणून, असं सगळे म्हणतात, आणि वाईट हे की आपणही स्वतःला तेच म्हणतो. पण पहाटे पाचला उठणारी बाई आळशी कशी असेल? एक कारण रक्ताचं आहे, ते आधी तपासा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, उठावंसंच वाटत नाही, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. तिथं चालण्याआधी गोळ्यांची आणि खाण्याची गरज असते, मनाच्या निर्धाराची नव्हे.

दुसरं कारण वेळेचं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटं. आता २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. नोकरी, मजुरी, शिलाई याच्या वरचे. चालायला अर्धा तास काढायचा तो कुणाच्या तरी अर्ध्या तासातनं काढावा लागतो, हे घरात स्पष्ट बोलल्याशिवाय होत नाही. "मी चालायला जाते, तोवर कुकर कोण लावेल?" हा आरोग्याचाच प्रश्न आहे. पण आम्ही इतकी भाषणं ऐकली आरोग्याची, त्यात कुकरचं नाव काही निघालं नाही.

तिसरं कारण मनातलं, आणि आम्हाला वाटतं सगळ्यात घट्ट तेच आहे. बाई स्वतःसाठी वेळ काढते तेव्हा तिला अपराधी वाटतं. आमच्या गटात आम्ही एकमेकींना विचारलं, घरचं काम नसताना, नुसतं फिरायला म्हणून शेवटचं कधी बाहेर पडलीस? बऱ्याच जणींना आठवेना. देवळात गेलो, दवाखान्यात गेलो, दळणाला गेलो, मयतीला गेलो. प्रत्येक जाण्याला काही तरी कारण. एक जण हसत म्हणाली, "हातात पिशवी असली की कुणी विचारत नाही." सगळ्या हसल्या, पण तिनं लाखातलं सांगितलं होतं. पिशवी म्हणजे परवाना. रिकाम्या हातानं, पायात बूट घालून, भराभर चाललेली बाई दिसली की पारावरनं आवाज येतोच, "काय वहिनी, गाडी चुकली काय?" आणि घरी यायच्या आत सासूच्या कानावर गेलेलं असतं की तुमची सून रिकामीच हिंडत होती.

हे अंगाचं दुबळेपण नाही, हे मुभेचं आहे. कसं, ते बघा. आषाढी वारीसाठी आळंदीहून पालखी निघते. पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं. साठी ओलांडलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन ऊन-पावसात अठरा-वीस दिवस चालतात, दिवे घाट चढतात. घर कुणी तरी सांभाळतं. कुणी विचारत नाही, रिकामी आहे का ही? उलट पाया पडतात. त्याच बाईनं परत आल्यावर गावच्या रस्त्यानं दोन किलोमीटर चालायचं म्हटलं, तर गुडघे दुखतात, वेळ नाही, लोक हसतात. पाय तेच, रस्ताही जवळपास तसाच. वारीला समाजाची मुभा आहे, सोबत आहे, गाणं आहे, आणि मनाला वाटतं की हे पुण्याचं काम आहे.

पंचमीचंही तसंच. फेर, झिम्मा, फुगडी, गौरीच्या रात्रीची जागरणं. फुगडीला किती दम लागतो हे घातलेलीलाच ठाऊक. पण त्या रात्री कुणी आपल्याला बाईनं उड्या मारू नयेत असं म्हणत नाही, कारण तो सण आहे. आपल्या आधीच्या बायकांनी खेळायची हक्काची जागा सणात राखून ठेवली होती. वर्षातनं चार दिवस मिळणारी ती जागा आठवड्यातनं पाच दिवस कशी मिळवायची, एवढाच आता प्रश्न.

बारामतीजवळच्या लता भगवान करे आपल्याला माहीत आहेत. साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी पळून त्यांनी बारामतीतली शर्यत जिंकली, पुढं त्यांच्यावर सिनेमाही आला. त्या पळाल्या कशासाठी? नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते म्हणून. त्यांना मनापासून नमस्कार. पण आम्हाला राहून राहून वाटतं, नवरा ठणठणीत असता आणि त्या नुसत्या हौसेनं पळाल्या असत्या, तर गावानं काय म्हटलं असतं?

ही मुभा बदलता येते, आणि बायकांनी ती बदललेलीही आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथं साक्षरतेची मोठी मोहीम चालली. त्या मोहिमेनं बायकांना वाचायला शिकवता शिकवता सायकल शिकवायलाही सुरुवात केली. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामगार, अंगणवाडीच्या ताया, परिचारिका, हजारोंनी सायकलवर बसल्या. सुरुवातीला त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल ते सांगायला नको. सायकलवर बाई म्हणजे चालीरीत सोडलेली. १९९२ च्या महिला दिनाला या बायकांनी हँडलला झेंडे लावून गावातनं सायकलींचा मोर्चाच काढला. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलीसाठी बँकांकडनं कर्जाची सोय करायला लावली. पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं आहे, त्यात आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की बऱ्याच बायकांना बायकांची सायकल नकोच होती, पुरुषांचीच हवी होती. का? तर मधल्या दांडीवर पोराला बसवता येतं. पोर घरी ठेवून ये असं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता. पोर घेऊनच त्या निघाल्या.

एकटी बाई सायकलवर दिसली तर लोक बोलतात, दोनशे दिसल्या तर थोडे दिवस बोलतात, मग त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी घरची बाई त्यात असते. आपल्या गटात तर दहा-पंधरा जणी आधीच एकत्र आहेत. बचतीसाठी महिन्याला बसतोच आपण. त्या बसण्यातलं थोडं चालण्यात घालवायला काय हरकत आहे? कर्जाचे हप्ते, कोण भरलं, कोण राहिलं, हे चालता चालताही बोलता येतं. फक्त सह्या बसूनच कराव्या लागतील.

एकत्र चालण्याचा फायदा आणखीही आहे. मनाला "मला जमेल" असं वाटायला दुसरीला जमलेलं दिसावं लागतं, आणि ती दुसरी आपल्यासारखी असावी लागते. टीव्हीवरची सडपातळ बाई बघून उलट वाटतं, हे आपलं काम नव्हे. आपल्यासारखीच जाड, आपल्यासारखीच साडीतली शेजारीण रोज शाळेच्या मागून चक्कर मारून येते, हे बघून पाय उचलतो. आणि ज्या दिवशी कंटाळा येतो त्या दिवशी दारात हाक मारणारी लागते. स्वतःला दिलेला शब्द आपण सहज मोडतो, दारात उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणवत नाही.

सुरुवात मात्र लहान ठेवा. सोमवारपासून रोज एक तास असं ठरवलं की बुधवारी पाहुणे येतात, गुरुवारी पाऊस येतो, आणि शुक्रवारी आपण म्हणतो, माझ्यानं काही होत नाही. चुकलेला दिवस चुकला, दुसऱ्या दिवशी परत निघायचं, हिशोब मागचा धरायचा नाही. दुसरी युक्ती अशी की हालचाल नव्या वेळेला न बांधता जुन्या कामाला बांधायची. शिलाईवाल्या ताईंना आम्ही विचारलं, मशीन आपोआप कधी थांबते? त्या म्हणाल्या, बॉबिन संपली की. मग ठरलं, बॉबिन संपली की उभं राहायचं, दारापर्यंत जाऊन यायचं, मग दोरा भरायचा. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला "तासाला पाच मिनिटं उठा" सांगणं म्हणजे तिची मजुरी कापणं. बॉबिन तर भरावीच लागते.

जागेचं काय करायचं? हमरस्त्याला ट्रक, गल्लीत कुत्री, संध्याकाळी पारावर पिणारे. इथं मनाचा निर्धार काही कामाचा नाही, दिवे लागतात. शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर बायकांसाठी उघडं राहावं, तिथल्या दोन खांबांवर दिवे असावेत, ही मागणी ग्रामपंचायतीकडं लेखी करता येते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत हा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. आपण पाणी मागतो, रस्ता मागतो; चालायला जागा मागायला लाजायचं कारण नाही.

काळजीच्या दोन गोष्टी. चालताना छातीत दुखलं, डाव्या हातात कळ आली, चक्कर आली, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. आणि साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. साडीवर बूट वाईट दिसतात म्हणतात. दिसू देत.

त्या ताईंचा परवा पुन्हा फोन होता. घरी त्यांनी आत्याबाईंपुढं डॉक्टरांचा कागदच ठेवला, आणि कुकर आता धाकटा मुलगा लावतो. शिट्ट्या मोजायला चुकतो, पण लावतो. सातजणी निघाल्या होत्या, त्यातल्या दोघी भांगलण सुरू झाल्यावर गळल्या, एकीला नवऱ्यानं नको म्हटलं. चौघी टिकल्यात. साडेसहाला शाळेमागून निघतात, मारुतीपर्यंत जाऊन येतात. साखरेचं विचारलं तर म्हणाल्या, तीन महिन्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा कळेल.

आम्ही विचारलं, पिशवी घेता का अजून?

"घेते की. पाण्याची बाटली असते त्यात, आणि कुत्र्यांसाठी एक छडी."